दागिस्तानमधील कुबाची: चांदीची खाण नसलेल्या डोंगरगावात चांदीकाम कसे रुजले आणि कसे टिकले?

पागोळी यांचा प्रश्न

माझे काका १९७०च्या दशकात कामानिमित्त काही महिने मॉस्कोत राहिले होते. परत येताना त्यांनी आणलेल्या सामानापैकी दोन वस्तू आता माझ्याकडे आल्या आहेत: एक चांदीचा लहान पेला आणि एक चमचा. दोन्हींवर काळी नक्षी आहे. ती रंगवलेली नाही, कारण बोट फिरवले तरी कुठे उंचवटा लागत नाही, आणि इतक्या वर्षांच्या वापरानंतरही ती पुसट झालेली नाही. काका नेहमी सांगत की हे काम कॉकेशस पर्वतातील कुबाची नावाच्या गावचे आहे आणि त्या गावात ज्या घरी सोनार नाही असे घरच सापडायचे नाही.

गेले काही आठवडे मी या गावाविषयी मिळेल ते वाचत आहे, पण हाती येते ती बहुधा पर्यटकांसाठी लिहिलेली गोड वर्णने असतात. ढगांत हरवलेले गाव, पिढ्यान्‌पिढ्या जपलेले गुपित, शांत बसून काम करणारे वृद्ध कारागीर, याच्या पलीकडे फारसे कोणी जात नाही. मला पडलेले प्रश्न साधे आहेत. जिथे चांदी निघत नाही आणि जिथे जायला चांगला रस्ताही फार उशिरा आला, अशा डोंगरातल्या एका लहान गावात हे काम मुळात सुरू का झाले असेल? ते इतकी शतके टिकण्याचे खरे कारण कोणते? आणि माझ्याकडील पेला व चमचा खरोखर तिथलेच आहेत की नाहीत, हे घरच्या घरी ओळखण्याचा काही मार्ग आहे का? दोन्हींच्या तळाशी बारीक ठसे आहेत आणि त्यांत ८७५ हा आकडा वाचता येतो.

जुनीवही यांचा प्रतिसाद

आपल्या पहिल्या प्रश्नाचे अर्धे उत्तर गावाच्या नावातच आहे. कुबाची हे नाव तुर्की वळणाचे असून त्याचा अर्थ ‘चिलखत करणारे’ असा होतो. त्याआधी फारसी आणि अरबी लेखक या गावाला जिरिहगरान म्हणत आणि त्याचाही अर्थ नेमका तोच. त्यातला ‘जिरिह’ आपल्याला अगदीच परका नाही, कारण आपला जिरेटोप त्याच शब्दावरून आला आहे, आणि ‘गर’ हा प्रत्यय आपण सौदागर, जादूगर अशा शब्दांत रोज वापरतो. गावकरी स्वतःची जी बोली बोलतात ती दार्गी भाषागटातील आहे आणि शेजारच्या गावांतील लोकांनाही ती सहज कळत नाही. मुद्दा असा की या गावाची पहिली ओळख चांदीकाम ही नव्हतीच. ती लोखंडाच्या कड्या एकमेकींत गुंफून अंगरखा तयार करण्याची होती.

दहाव्या शतकात अरब प्रवासी आणि इतिहासकार अल-मसूदी याने जिरिहगरानचा उल्लेख केला आहे. इथले लोक चिलखते, रिकिबी, लगाम, तलवारी आणि लोखंडाची इतर हत्यारे करतात, आणि त्यांच्यात मुसलमान, ख्रिस्ती व ज्यू असे निरनिराळ्या धर्मांचे लोक आहेत, असे तो नोंदवतो. बाराव्या शतकात अबू हामिद अल-गर्नाती या अंदालुसी प्रवाशाने लिहिले की हे लोक मृतांचे मांस पक्ष्यांना देतात आणि अस्थी पिशव्यांत भरून ठेवतात, म्हणजे जुन्या इराणी चालीरीतींची छायाही इथे होती. या दोन नोंदी एकत्र वाचल्या की ‘जगापासून तुटलेले गाव’ हे चित्र टिकत नाही. हे गाव डोंगरात होते हे खरे, पण त्याच्या पायथ्याशी कॅस्पियन समुद्र आणि पर्वत यांच्यामधील अरुंद पट्टीत देर्बेंत हे नाक्याचे शहर होते, आणि उत्तरेकडील गवताळ प्रदेश व इराण यांच्यामधील सैन्ये, व्यापारी आणि धर्मप्रचारक त्याच वाटेने जात. सैन्य कोणाचेही असो, त्याला चिलखत लागत असे. १३९६च्या सुमारास तैमूर दागिस्तानात उतरला तेव्हा जिरिहगरानच्या लोकांनी त्याला चिलखतांचा नजराणा दिला, असे त्याच्या इतिहासकाराने लिहून ठेवले आहे. ज्यांच्याकडे लढणाऱ्याला हवी ती वस्तू आहे, त्यांना लुटण्यापेक्षा राखणे सोयीचे असते, हे गावाने बहुधा फार लवकर ओळखले असावे.

आता डोंगर आणि हस्तकला यांच्या नात्याविषयी. दागिस्तान या नावाचा अर्थच ‘डोंगरांचा देश’. उतारावर पायऱ्यापायऱ्यांची शेते काढूनही तिथे वर्षभर पुरेल इतके धान्य पिकत नसे आणि हिवाळा लांबलचक असे, म्हणून विकता येईल असे काहीतरी हाताने करणे ही अनेक गावांची गरज होती. या गरजेतून तिथे गावागणिक एकेक कला वाटून गेलेली दिसते. उंत्सुकुल गावाने डॉगवुडच्या कठीण लाकडात धातूची तार ठोकून नक्षी करण्याचे काम धरले, बाल्खार गावच्या स्त्रियांनी मातीची भांडी घडवून त्यांवर पांढऱ्या मातीने रेखाटन केले, आंदी परिसरात नमद्याचे जाड झगे झाले, तर तबासरान भागात गालिचे. कुबाचीच्या अगदी जवळचे आमुझ्गी हे गाव खंजिरांच्या पात्यांसाठी प्रसिद्ध होते आणि खार्बुक हे लोहारांचे गाव होते. पाते आमुझ्गीत घडायचे आणि त्याची मूठ व म्यान कुबाचीत सजायची. खंजीर एक, पण तो पुरा होण्यासाठी गावे दोन लागत.

बंदुका आल्यावर चिलखताला अर्थ उरला नाही आणि गाव तिथेच संपायला हवे होते. ते संपले नाही, कारण कारागिरांनी मालच बदलला. कड्या गुंफणारे हात तलवारींच्या आणि खंजिरांच्या चांदीच्या मुठी व म्याने, पट्ट्यांच्या बकला आणि बंदुकांच्या दस्त्यांवरील जडाव यांकडे वळले. एकोणिसाव्या शतकात इमाम शामिलच्या नेतृत्वाखाली रशियाविरुद्ध दीर्घ लढा चालला, तो पूर्व कॉकेशसमध्ये १८५९ साली शामिलच्या शरणागतीने संपला. त्यानंतरचा विरोधाभास पाहण्याजोगा आहे, कारण ज्यांनी हा प्रदेश जिंकला ते रशियन अधिकारी आणि कोसॅक घोडेस्वार पर्वतीय लोकांचाच पोशाख व खंजीर मिरवू लागले आणि कुबाचीच्या सोनारांना पूर्वी कधी नव्हते इतके गिऱ्हाईक मिळाले. अनेक कारागीर तेव्हाचे तिफ्लिस, म्हणजे आजचे त्बिलिसी, आणि व्लादिकाव्काज अशा शहरांत दुकाने थाटून बसले.

पुढे क्रांतीनंतर खंजिराचे रोजच्या पोशाखातले स्थान गेले, तेव्हा गावाने पुन्हा एकदा माल बदलला. १९२४ साली तिथे कारागिरांची सहकारी संस्था स्थापन झाली. तिचा पुढे कारखाना झाला आणि पेले, सुरया, चमचे, बांगड्या, दागिने असा माल देशभर जाऊ लागला. आपल्या काकांना मॉस्कोत या वस्तू मिळाल्या असतील तर त्या याच काळातल्या असणार.

टाकसाळ यांचा प्रतिसाद

मी हौस म्हणून धातूवर कोरीवकाम करतो, त्यामुळे इतिहासापेक्षा हातकामाविषयी लिहितो.

आपण वर्णन केलेली काळी नक्षी इंग्रजीत निएलो आणि रशियनमध्ये ‘चेर्न’ या नावाने ओळखली जाते. चेर्न म्हणजे काळेपण. मराठीत तिला एकच रूढ शब्द माझ्या कानावर आलेला नाही, म्हणून मी तिला काळी भर म्हणतो. चांदी, तांबे आणि शिसे एकत्र वितळवून त्यात गंधक मिसळतात. त्यातून जो काळा, ठिसूळ पदार्थ तयार होतो तो कुटून बारीक भुकटी करतात. दुसरीकडे चांदीच्या पत्र्यावर किंवा भांड्यावर पोलादी कलमाने नक्षी खोदून घेतलेली असते. खोदलेल्या जागेत ही भुकटी टाकणखारासारख्या द्रावकाबरोबर ओली करून भरतात आणि वस्तू तापवतात. शुद्ध चांदी सुमारे ९६२ अंश सेल्सियसला वितळते, पण ही भर त्याच्या बऱ्याच खालच्या तापमानाला पातळ होऊन खाचांत पसरते आणि चांदीला धरून बसते. सगळे कसब त्या काही क्षणांत असते. उष्णता कमी पडली तर भर दाणेदार राहून पुढे निखळते, आणि जास्त झाली तर शिसे खालच्या चांदीलाच खाऊ लागते. वस्तू गार झाल्यावर वर आलेली जादा भर कानशीने आणि पॉलिशने इतकी घासतात की चांदी आणि काळी नक्षी एका पातळीत येतात. म्हणूनच आपल्या बोटाला उंचवटा लागत नाही. (हा प्रयोग घरी करू नये. शिशाची वाफ आणि जळणारे गंधक या दोन्ही गोष्टी फुप्फुसांना घातक आहेत.)

पेल्यांवर आणि दागिन्यांवर काळेपणा आणण्याची दुसरी, स्वस्त रीत म्हणजे चांदीचा वरचा थर गंधकयुक्त रसायनाने काळवंडवणे आणि उंच भाग पुसून घेणे. पन्नास वर्षांच्या वापरात असा काळेपणा कडांपाशी तरी झिजतोच. आपल्या वस्तूंचा झिजलेला नाही, त्यामुळे ती खरी भर असण्याची शक्यता अधिक आहे.

कुबाचीचे कारागीर एवढ्या एकाच रीतीवर थांबत नाहीत. कोरीवकाम, सोन्याचा मुलामा, तारकाम व त्यावर बसवलेले बारीक दाणे, मीनाकारी, पोलादात आणि हस्तिदंतात सोन्याची तार ठोकून केलेली नक्षी, हे सगळे तिथे चालते. परंतु या गावाची खरी सही मला त्यांच्या नक्षीच्या रचनेत दिसते. तिचे दोन मुख्य प्रकार आहेत. पहिल्याला ‘तुत्ता’ म्हणतात, म्हणजे डहाळी. यात मधोमध एक उभा दांडा असतो आणि त्याच्या दोन्ही बाजूंना पाने, फुले आणि कळ्या सारख्या तोलाने फुटतात, त्यामुळे तो खंजिराच्या म्यानावर किंवा उभट सुरईवर शोभतो. दुसरा ‘मरखराय’, म्हणजे झाडी किंवा गुंतावळा. त्याला मध्यरेषा नसते. एक वेल वळसे घेत निघतो, त्यातून दुसरा फुटतो, दोघे एकमेकांवरून खालून जातात आणि वस्तूचा आकार कितीही वेडावाकडा असला तरी झाडी त्याच्या शेवटच्या कोपऱ्यापर्यंत पोचते. याशिवाय ‘तामगा’ नावाचे बंदिस्त पदक नक्षीच्या मध्ये बसवतात. आणखी एका, मोठ्या फुलांच्या प्रकाराला तर ‘मोस्कोव-नकिश’ म्हणजे मॉस्को-नक्षी असेच नाव आहे! जे गाव उसनी आणलेली नक्षीही तिच्या मूळ पत्त्यासह वापरते, त्याला ‘गुपित जपणारे’ म्हणणे मला तरी पटत नाही.

मरखराय कोरताना रेषा कुठे सुरू होते आणि कुठे संपते हे पाहणाऱ्याला सापडू नये, ही कारागिराची परीक्षा असते. मी एकदा छायाचित्रावरून तळहाताएवढा तुकडा उतरवून पाहिला. तिसऱ्या वळणानंतर माझी वेल कोपऱ्यात अडकली आणि उरलेली जागा मी निमूटपणे ठिपक्यांनी भरली.

आता ओळखण्याविषयी. ८७५ हा चांदीचा कस आहे, म्हणजे हजारात ८७५ भाग चांदी. सोव्हिएत काळात भांड्यांसाठी हा कस सर्रास वापरला जाई. त्याच्या शेजारी पंचकोनी तारा आणि त्यात कोयता-हातोडा दिसत असेल तर वस्तू १९५८ नंतरच्या सोव्हिएत काळातली आहे. हातोडा घेतलेल्या कामगाराचे डोके असेल तर ती त्याआधीची, १९२७ पासूनच्या काळातली. मात्र यावरून फक्त देश आणि काळ कळतो, गाव कळत नाही. कारखान्याचा ठसा वेगळा असतो, तो भिंगाखाली पाहावा लागेल.

एक सावधगिरीची सूचना. काळ्या भरीची चांदी म्हटले की रशियात दोन नावे पुढे येतात, आणि दुसरे नाव डोंगरातले नाही. उत्तर रशियातील वेलिकी उस्त्युग या नदीकाठच्या जुन्या शहरात हीच कला अठराव्या शतकापासून होती. ती विझत आली असताना मिखाईल चिर्कोव या वृद्ध कारागिराने आपली भर करण्याची कृती शिकाऊ मुलींना दिली आणि १९३३ साली तिथे ‘सेवेर्नाया चेर्न’, म्हणजे उत्तरेची काळी भर, ही संस्था उभी राहिली. तिच्याही वस्तू मॉस्कोच्या दुकानांत मोठ्या प्रमाणात विकल्या जात. त्या कामात इमारती, नदी, नौका, कथांतील प्रसंग अशी चित्रे पुष्कळ असतात आणि पार्श्वभूमीवर बरेचदा सोन्याचा मुलामा असतो. कुबाचीत चित्र जवळजवळ नसते, सगळीकडे वनस्पतीच. तेव्हा आपल्या वस्तूंवर काय आहे ते नीट पाहून सांगावे.

उतरण यांचा प्रतिसाद

जुनीवही यांच्या माहितीबद्दल आभार, पण ‘शेती कमी आणि हिवाळा लांब म्हणून हस्तकला’ हे स्पष्टीकरण मला अपुरे वाटते. शेती कमी आणि हिवाळा लांब अशी परिस्थिती जगातल्या हजारो डोंगरगावांत होती आणि आहे. त्यांतल्या बहुतेक गावांनी लोकर विणली, लाकूड कोरले, आणि ते काम घरच्या गरजेपुरतेच राहिले. कुबाचीचे वेगळेपण असे की त्याने कच्चा मालही बाहेरून आणला आणि गिऱ्हाईकही बाहेरचेच शोधले. म्हणजे डोंगराने त्यांना कला दिली नाही, दिली ती वाटेने. डोंगराने फार तर चोर दूर ठेवले.

दुसरे असे की जे काही वाहून न्यायचे ते खेचराच्या पाठीवरून न्यायचे असेल, तर वजनाच्या मानाने किंमत अधिक असलेली वस्तूच परवडते. चिलखत, खंजिराची मूठ, कर्णफूल या सगळ्यांना हा नियम लागू पडतो. मातीची मडकी मात्र त्यामुळेच आसपासच्या गावांपुरती राहिली.

पागोळी

तिघांचेही मनापासून आभार. एक गोष्ट मात्र अजून कळलेली नाही. माल दोनदा बदलला, राजवटी बदलल्या, कारागीर शहरांत जाऊन बसले, तरी हे काम ‘कुबाचीचे’ कसे राहिले? तिफ्लिसला गेलेला सोनार तिथलाच का झाला नाही? शिवाय मी वाचलेल्या सगळ्या मजकुरात कारागीर पुरुषच आहेत. गावातल्या स्त्रिया काय करत होत्या?

झरोका यांचा प्रतिसाद

आपल्या दोन्ही प्रश्नांचे उत्तर माझ्या मते एकच आहे आणि ते कार्यशाळेत नाही, घरात आहे.

कुबाचीचा पुरुष कामासाठी कितीही दूर गेला तरी लग्न गावातच करी. सोयरीक गावाबाहेर न करण्याची रीत तिथे फार घट्ट होती. बायको-मुले गावात राहत, कमाई गावात येई, आणि मुलगा हाताशी आला की बापाजवळ किंवा चुलत्याजवळ बसून कलम धरायला शिके. त्यामुळे तिफ्लिसमधील दुकान ही गावाचीच एक लांबलेली ओसरी होती असे म्हणायला हरकत नाही. जो भाषेने शेजाऱ्यांपासून वेगळा आहे आणि ज्याचे सगळे सोयरे एकाच गावात आहेत, त्याला दुसरीकडचे होऊन जाणे सोपे नसते. याची किंमत कोणी दिली असेल तर ती मागे राहिलेल्या स्त्रियांनी. शेतीवाडी, गुरे, इंधन आणि चढावरून पाठीवर पाणी आणणे हे सगळे त्यांच्याकडे होते. पाण्यासाठी वापरायचे तांब्याचे भांडे, ज्याला मुचाल म्हणतात, तेही देखणे नक्षीदार असे. परंतु ते पाठीवर घेऊन बर्फातून चढणारीला त्या नक्षीचे किती कौतुक वाटत असेल, ही शंका मला राहून राहून येते.

धातूकाम परंपरेने पुरुषांचे, हे आपले निरीक्षण बरोबर आहे. स्त्रियांच्या हातची कला वस्त्रांत होती. ‘काज’ नावाची लांब पांढरी ओढणी, जिच्या कडेला सोनेरी धाग्याचे भरतकाम असते, ही कुबाचीच्या स्त्रीची ओळख आहे, आणि लोकरीचे रंगीत नक्षीदार मोजेही तिथे विणले जातात. विसाव्या शतकात हे कुंपण थोडे मोडले. कुबाचीच्या सोनार घराण्यातील मानाबा मागोमेदोवा यांनी चांदीकाम हाती घेतले, पुढे त्या त्बिलिसीत राहून काम करत राहिल्या आणि कलाकार म्हणून त्यांना मोठी मान्यता मिळाली. एका स्त्रीचे नाव झाले म्हणून रीत बदलली असे मात्र मी म्हणणार नाही.

घराविषयी आणखी एक गोष्ट सांगायला हवी, कारण ती आपल्या मूळ प्रश्नाशी जोडलेली आहे. कुबाचीतील जुन्या घरांत एक खोली जवळजवळ संग्रहालयासारखी सजवलेली असते. भिंतींवर छतापर्यंत तबके, थाळ्या आणि तांब्या-पितळेची भांडी मांडलेली असतात. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात बाहेरच्या संग्राहकांची नजर या थाळ्यांवर पडली. काही फिरोजी झिलईवर काळ्या रेघांनी रंगवलेल्या होत्या, काही निळ्या-पांढऱ्या, तर काही बहुरंगी. जगभरच्या संग्रहालयांत त्या ‘कुबाची भांडी’ या नावाने गेल्या आणि आजही तशाच ओळखल्या जातात. गंमत अशी की त्यांतली एकही थाळी कुबाचीत भाजलेली नाही. मातीच्या परीक्षणावरून त्या पंधराव्या ते सतराव्या शतकांत इराणमधील निशापूर, मशहद, तब्रीझ, इस्फहान अशा ठिकाणी झाल्याचे मानले जाते. शस्त्रांच्या बदल्यात त्या डोंगरावर आल्या असाव्यात असा तर्क आहे. हे गाव इतके घट्ट धरून ठेवणारे होते की त्याने नुसती जपलेली वस्तूही त्याच्या नावाने प्रसिद्ध झाली.

कोरीव दगडांचेही असेच. चौदाव्या-पंधराव्या शतकांतील घोडेस्वार, सिंह, झुंजणारे प्राणी कोरलेले दगड गावातल्या नंतरच्या घरांच्या भिंतींत चिणलेले सापडले. त्यांतले अनेक आता सेंट पीटर्सबर्गच्या हर्मिटाज संग्रहालयात आहेत. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयातही घोडेस्वार कोरलेली एक कमानपट्टी आहे. इस्लाम स्थिरावल्यावर माणसे आणि प्राणी कोरण्याची रीत हळूहळू मागे पडली आणि वेलींनी जागा भरली. टाकसाळ यांनी वर्णन केलेल्या झाडीचा पूर्वज या दगडांवरही दिसतो.

सद्यस्थितीविषयी मी फार आशावादी नाही, पण हताशही नाही. गावाची वस्ती सुमारे तीन हजार आहे आणि तिथल्या शाळेत मुलांना धातूवरील कोरीवकाम शिकवले जाते. सोव्हिएत संघ मोडल्यावर कारखान्याला हमखास मिळणारी मागणी आणि चांदी दोन्ही आटली, तेव्हा अनेक कारागीर पुन्हा घरच्या खोलीत काम करू लागले. कारखान्याने कला मारली असे म्हणणारे बरेच भेटतात. एकाच नमुन्याचे हजारो चमचे काढताना हात कंटाळतो, हे मलाही मान्य आहे. पण ज्या काळात खंजिराचे गिऱ्हाईक नाहीसे झाले होते त्या काळात त्याच कारखान्याने दोन-तीन पिढ्यांच्या हातात कलम ठेवले. रसूल अलिखानोव यांच्यासारखे नामांकित कारागीर याच काळात घडले. शेजारच्या आमुझ्गीकडे पाहिले की फरक कळतो. तिथले लोहार उत्तम पाती करत, परंतु पात्याची गरज संपल्यावर त्यांना दुसरा माल सापडला नाही आणि ते गाव आज जवळजवळ ओस पडले आहे. दोन्ही गावांवर तोच बर्फ पडत होता, त्यामुळे उतरण यांचे हिवाळ्याविषयीचे म्हणणे मला पटते.

जुनीवही

उतरण यांची दुरुस्ती मान्य आहे. हिवाळ्याने वेळ दिला आणि वाटेने गिऱ्हाईक दिले, असे मी लिहायला हवे होते. आमुझ्गीच्या बाबतीत एवढीच भर घालतो की पाते आणि मूठ यांच्यात पहिल्यापासून असमानता होती. पाते कितीही चांगले असले तरी ते म्यानात झाकलेले राहते, आणि विकत घेणारा आधी म्यान पाहतो. चांदीची नक्षी खंजिरावरून पेल्यावर सहज उतरली. पोलादाला पाणी देण्याची विद्या उतरवायला दुसरी जागा नव्हती.

पागोळी

काल संध्याकाळी दोन्ही वस्तू भिंगाखाली पाहिल्या. ठशांत तारा आणि कोयता-हातोडा स्पष्ट आहे, म्हणजे १९५८ नंतरच्या हा भाग जुळला. कारखान्याची अक्षरे चमच्यावर झिजली आहेत आणि पेल्यावर अर्धवट उठली आहेत, त्यामुळे ती वाचता आली नाहीत.

मग नक्षीकडे वळलो. चमच्याच्या पाठीवर, वेलबुट्टीच्या मधोमध, आजवर मी ठिपका समजत होतो ते प्रत्यक्षात घुमट असलेली एक इमारत आणि तिच्यापुढे वाहते पाणी निघाले. कडेला सोनेरी मुलाम्याचा अंशही दिसतो. टाकसाळ यांच्या वर्णनाप्रमाणे हे काम उत्तरेचे, वेलिकी उस्त्युगचे असण्याची शक्यता जास्त आहे. काकांना दोन्ही वस्तू एकाच दुकानात, एकाच फडताळावर मिळाल्या असाव्यात आणि दुकानदाराने सांगितलेले एक नाव त्यांनी दोघींनाही लावले असावे.

पेल्यावर मात्र एकही चित्र नाही. काठाखाली वेल सुरू होतो, पेल्याभोवती पूर्ण फिरतो आणि स्वतःच्याच खालून निघून परत वर येतो. मध्यरेषा कुठेही सापडली नाही. सुरुवात शोधण्यासाठी मी पेन्सिलच्या टोकाने एका पानापासून निघालो, तीनदा वाट चुकलो आणि चौथ्यांदा फिरून त्याच पानावर आलो.

आता टाकसाळ यांना एकच विचारायचे आहे. पेल्याच्या आतल्या बाजूला काळपट डाग पडले आहेत. ते घालवण्यासाठी चांदीची पावडर वापरली तर बाहेरच्या भरीला धोका आहे का?

टाकसाळ

बाहेरून पावडर अजिबात लावू नका. ती चांदी घासते, आणि भर चांदीपेक्षा ठिसूळ असल्याने खरखरीत कणांनी तिच्या कडा तुटू शकतात. चांदीसाठी मिळणारी बुडवून काढायची द्रावणेही टाळावीत, कारण ती काळे झालेले संयुग विरघळवण्यासाठीच केलेली असतात आणि भर हे तशाच प्रकारचे संयुग आहे. आतील डाग कोमट पाणी, थोडा सौम्य साबण आणि मऊ सुती कापड यांनी जितके जातील तितके घालवा, उरलेले राहू द्या. पुसताना पेला कोरडा करायला विसरू नका. आणि ज्या पानावर आपण चौथ्यांदा परत आलात त्याचे जवळून काढलेले छायाचित्र शक्य असेल तर इथे टाका. त्या जागी वेल वरून जातो की खालून, हे मला पाहायचे आहे.